वरोरच्या इंजिनातली उलटी हवा

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, वय बेचाळीस. गेली पंधरा वर्षं एकच काम करतेय — इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा कशी शिरते, कशी घुसळते, कशी बाहेर पडते, ते कॉम्प्युटरवर बघायचं. या सदरात येणारे अनुभव मी नेमानं वाचते, तेही डायलिसिस सेंटरच्या बाकावर बसून, वेळ जात नाही म्हणून. वाचून झालं की बहुतेक वेळा एखादं साधं कारण सुचतंच. माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र सुचलेलं नाही. विचार करून करून आता कंटाळा आलाय, म्हणून लिहून टाकतेय.

माणसांची नावं बदलली आहेत. गावं खरी आहेत.

मी सध्या डहाणूला असते, स्टेशनच्या पूर्वेला, वडिलांच्या घरी. बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. रिटायर झाले आणि चार वर्षांत किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस... सकाळी आठला न्यायचं, एकच्या सुमाराला परत आणायचं. नवरा आणि मुलगी पुण्यात. कंपनीही पुण्यातच, पण त्यांनी घरून काम करायला परवानगी दिली. मोठा कॉम्प्युटर वरच्या खोलीत दिवसरात्र चालू असतो आणि मी जिथे असेन तिथून लॅपटॉपवर त्यात डोकावते.

आता कामाबद्दल थोडं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिलिंडर म्हणजे एक डबा. त्याला दोन दारं — एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. दारांना व्हॉल्व्ह. डब्यात पिस्टन वर-खाली होतो. आम्ही त्या आतल्या पोकळीचा आकार कॉम्प्युटरला देतो, तिचे लाखो बारीक तुकडे करतो, पिस्टन किती वेगानं हलणार आणि कुठला व्हॉल्व्ह कधी उघडणार ते लिहून देतो. पुढचं गणित मशीन करतं, एक-दोन दिवस लागतात. मग पडद्यावर हवा दिसते, बारीक बारीक बाणांची. आत शिरते, भिंतीला आपटते, तिचा भोवरा होतो, भोवऱ्याचे आणखी भोवरे होतात. सुंदर दिसतं. पंधरा वर्षांनी तेवढं सुंदर वाटत नाही, ते सोडा. मुद्दा असा, की हवा तिच्या नियमानं वागते पण पिस्टन मी सांगेन तसाच हलतो. त्याला स्वतःची अक्कल नाही.

मागच्या हिवाळ्यात कंपनीनं एक प्रकल्प घेतला, जुन्या छोट्या डिझेल इंजिनांवर. पंप, होड्या, गिरण्या यांवर अजून चालतात ती एका सिलिंडरची, हँडल मारून चालू करायची इंजिनं. त्यांत वेगळं इंधन घातलं तर कसं जळेल ते बघायचं होतं. कंपनीकडे ड्रॉइंग नव्हती. म्हटलं, एखादं जुनं इंजिनच मिळवते, आमच्याकडे काय कमी आहेत. चारोटी नाक्यावर जयंतीभाई म्हणून मेकॅनिक आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांच्या शेडच्या मागे भंगारात असं एक इंजिन पडलेलं होतं. त्याचं हेड, म्हणजे दोन्ही दारं असलेला वरचा भाग, त्यांनी खोलून दिला.

“बाकी बद्दा जाम छे, बेन,” ते म्हणाले. “पिस्टन चिकटून बसलाय. पण हेड चांगला हाय.”

ते हेड मी वापीला नेलं. तिथे एक माणूस दारांच्या आत रबर ओतून त्यांचा साचा काढतो आणि तो स्कॅन करून देतो. साचे काढल्यावर त्यानं मला फोन केला. “मॅडम, दोनों काले निकले हैं. हवा वाला कौन सा, धुआँ वाला कौन सा?” सहसा धुराच्या दारात काजळी असते आणि हवेचं दार स्वच्छ असतं. मी म्हटलं, मोठा साचा हवेचा. जुनं इंजिन आहे, असेल घाण. तेव्हा त्यावर विचार केला नाही. त्या आठवड्यात बाबांचं हिमोग्लोबिन सातवर गेलं होतं.

पहिला रन, म्हणजे ते सगळं गणित, रविवारी लावला. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला सेंटरच्या बाकावर बसून रिझल्ट उघडला. काचेपलीकडे बाबा झोपलेले, शेजारी कोणाची तरी सून भाजी निवडत बसलेली. हे मुद्दाम लिहितेय, कारण असे अनुभव अमावास्येला येतात असा समज आहे.

पडद्यावर हवा धुराच्या दारातून आत येत होती.

मला काहीच वाटलं नाही. नावांची अदलाबदल झाली असणार, ही चूक नवशिकेही करतात आणि दमलेलेही करतात. तपासलं. नावं बरोबर होती. साच्यांची मापं हेडशी ताडून बघितली, तीही बरोबर. मग पिस्टनचा आलेख उघडला आणि जरा नीट बसले. पिस्टन सुरुवातीला मी सांगितल्याप्रमाणेच वर गेला होता, हवा दाबत. अगदी वर पोचायच्या थोडा आधी थांबला. आणि तिथून परत फिरला. त्यानंतरची सगळी चक्रं उलटी. व्हॉल्व्ह उलट क्रमानं उघडत होते, हवा धुराच्या दारातून येत होती आणि हवेच्या दारातून बाहेर जात होती.

माझ्या इनपुट फाइलमध्ये यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

वाटलं, प्रोग्रॅमनं चित्रं उलट्या क्रमानं दाखवली असतील, फिल्म मागे फिरवावी तशी. पण ते तपासणं सोपं असतं. मोठा भोवरा मोडून लहान होतात, लहान मोडून आणखी लहान, आणि शेवटी विरून जातात. फिल्म उलटी फिरवली तर लहान भोवरे गोळा होऊन मोठे होताना दिसतील, आणि तसं निसर्गात होत नाही. माझ्या पडद्यावर भोवरे नीट मोडत होते. म्हणजे काळ सरळच चालला होता. इंजिन उलटं फिरत होतं.

मी तोच रन पुन्हा लावला. गुरुवारी बघितलं, तेच. फाइल नव्यानं लिहून शनिवारी बघितलं... तेच. पिस्टन त्याच जागी थांबून परत फिरलेला. मग ती फाइल जशीच्या तशी पुण्याला सागरला पाठवली. सागर माझा ज्युनिअर, हुशार मुलगा. त्यानं त्याच्या मशीनवर चालवली आणि दोन दिवसांनी फोन केला.

“मॅडम, इथे तर बरोबर चाललंय. सरळ.”

“माझ्याकडे उलटं येतंय. तीनदा.”

“मॅडम, रागावू नका... स्पीडच्या आधी चुकून मायनस पडला असेल. होतं असं. तुमची धावपळ चालूय ना सध्या.”

“सागर, मी स्पीड पुढच्या दिशेचाच दिलाय. फाइल तुझ्याकडे आहे, बघ ना.”

“हो, यात बरोबरच आहे. पण तुम्ही चालवली ती कदाचित वेगळी असेल.”

फोन ठेवला तेव्हा राग आला नव्हता, नुसता थकवा आला होता. आपण केलेलं आपल्याला पक्कं माहीत असावं आणि ऐकणाऱ्यानं समजूतदार आवाजात ‘दमला असाल’ म्हणावं, याचा थकवा.

त्याच संध्याकाळी ते रबरी साचे पुन्हा हातात घेतले. धुराच्या दाराचा साचा काळा होता, ते ठीक. पण हवेच्या दाराच्या साच्यावरची काजळीही ताजी काजळी असते तशी होती, मऊ, बोटाला लागणारी. धूर तिथून गेल्याशिवाय ती येत नाही. आणि तेव्हा मला कॉलेजात एकदा ऐकलेली गोष्ट आठवली. अशी जुनी डिझेल इंजिनं क्वचित उलटी चालू होतात. हँडल मारताना जोर कमी पडला आणि पिस्टन वर पोचायच्या आत इंधन पेटलं, तर तो उलटा ढकलला जातो आणि इंजिन उलट्या दिशेनं धावायला लागतं. मग ते धुराच्या नळीतून हवा ओढतं आणि हवेच्या फिल्टरमधून धूर सोडतं.

शुक्रवारी मी चारोटीला गेले. जयंतीभाईंना विचारलं, हे इंजिन आलं कुठून.

ते हात पुसत बसले. “वरोरच्या बोटीचा हाय. दोन भाऊ होते, काशिनाथ आणि वसंत. ओहोटी लागलेली, बोट लवकर काढायची होती. काशिनाथ मशीनवर. वसंत पाण्यात उतरून मागची दोरी सोडवत होता. काशिनाथनी मशीन चालू केला, गेर टाकला, आणि बोट मागं गेली. मागं पंखा असतो ना, बेन.”

“वसंत गेला?”

“तिथंच. अकरा वर्ष झाली. काशिनाथ बोलतो, मी पुढचाच गेर टाकलेला. कोण मानणार? आदल्या दिवशी ताडी प्यायला होता, ते सगळ्या गावाला ठाऊक. त्या दिवसानंतर हे मशीन कोणी चालू केला नाय. घरच्यांनी मला देऊन टाकला.”

मी शेडमध्ये उभी होते, बाहेर हायवेवरून कंटेनर जात होते. पुढचा गिअर टाकलेला आणि बोट मागे गेली. इंजिनच उलटं फिरत असेल तर तसंच होणार. पंखाही उलटाच फिरणार.

हे मला कळलं ते एका रनमुळे, जो तसा यायलाच नको होता.

काशिनाथ आता तलासरीला असतात, जयंतीभाईंनी पत्ता दिला. हायवेलगत एका वजनकाट्यावर वॉचमन आहेत. पुढच्या बुधवारी दुपारी गेले. पन्नाशी उलटलेला, सुकलेला माणूस, पत्र्याच्या केबिनबाहेर बाकावर बसलेला. उजवं मनगट वाकडं जुळलेलं. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि म्हटलं, “तुमच्या बोटीच्या इंजिनाचं हेड माझ्याकडे आहे.”

त्यांनी मान हलवली, बस्स.

“ते चालू केलंत तेव्हा काय झालं, सांगाल का?”

“पोलिसांना सांगितलंय सगळं.” ते वजनकाट्याकडे बघत म्हणाले. “कागद असंल त्यांच्याकडं.”

“तुम्ही पुढचाच गिअर टाकला होता,” मी म्हटलं. “मला माहीत आहे.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक ट्रक काट्यावर चढला, ड्रायव्हरनं चिठ्ठी घेतली, ट्रक गेला.

“हँडल वरपर्यंत येतं ना,” ते बोलायला लागले, “तिथं जड होतं. तिथं जोर द्यावा लागतो. दोनदा मारून हात गळून गेला होता. तिसऱ्यांदा तिथपर्यंत आलं आणि झटक्यानं उलटं फिरलं. हे मनगट तिथंच गेलं. पण मशीन लागलं होतं. पाणी उतरत होतं, बोट रुतली असती तर दोघाला ढकलायला जमलं नसतं. डाव्या हातानं गेर टाकला. पुढचा.”

मी लॅपटॉप उघडून बाकावर ठेवला. पिस्टन वर जाताना, थांबताना, फिरताना त्यांना दाखवला. त्यांनी विचारलं, “ही हवा?”

“हो.”

“इकडून जायला पाहिजे.”

“हो.”

“तिकडून जातेय.” वाकड्या हाताचं बोट त्यांनी बरोबर धुराच्या दारावर ठेवलं. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. आपोआप आलंय.”

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. तशी तयारी करूनच गेले होते मी, इतकी वर्षं खोटा ठरलेल्या माणसाला पुरावा द्यायला. ते मात्र खाली बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “बाई, धूर फिल्टरमधून येत होता. मी पाहिला.”

“मशीन लागलं आणि धूर माझ्या तोंडावर आला. तिकडून कधी येत नाय. मला कळलं काहीतरी उलटं हाय. म्हटलं, आधी बोट काढू, मग बघू. हात ठणकत होता. तसाच गेर टाकला.” त्यांनी मनगट दुसऱ्या हातात धरलं. “गेराचं मी सगळ्यांना सांगितलं. धुराचं कोणाला नाय सांगितलं. मंजुळाला तर नाय.”

मंजुळा म्हणजे वसंतची बायको. मी विचारलं, तिला इंजिनाबद्दल सांगू का. ते म्हणाले, “तुमची मर्जी.” आणि उठून केबिनमध्ये गेले, कारण दुसरा ट्रक आला होता.

खरं सांगते, मला तिथेच सगळं सोडून द्यावंसं वाटलं. घरी बाबा होते, प्रकल्पाची मुदत होती, मुलीचा फोन दोनदा येऊन गेला होता. हे माझं काम नव्हतं. पण रविवारी मी वरोरला गेले.

मंजुळा अंगणात सुके बोंबील निवडत होती. चाळिशीची, माझ्याच वयाची. मी हेड गाडीतून काढून आणलं, दोन्ही साचे दाखवले, काजळी बोटाला लावून दाखवली. कॉम्प्युटरचं फार सांगितलं नाही. इंजिन उलटं कसं चालू होतं, गिअर पुढचा असला तरी बोट मागे का जाते, तेवढं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. काम थांबवलं नाही.

“म्हणजे तो खरं बोलत होता,” शेवटी म्हणाली.

“हो.”

“त्याच्या पोरीचं लग्न झालं, मी गेले नाय. बायको वारली त्याची, तरी गेले नाय.” ती बोंबील बाजूला टाकत राहिली. मग एकदम विचारलं, “पण त्याला कळलं नसंल का? मशीनवर लहानपणापासून बसतो. मशीन उलटं फिरतंय हे त्याला कळलं नसंल?”

इतका सरळ प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, “ते तुम्ही त्यांनाच विचारा.”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला काय समजायचं ते समजलं असावं. हात धुतले, आत जाऊन साडी बदलली आणि माझ्या गाडीत येऊन बसली. मी तिला चला म्हटलंच नव्हतं. चारोटी मागे पडल्यावर हायवेवर एवढंच विचारलं, “किती लांब हाय अजून?”

वजनकाट्याशी पोचलो तेव्हा काशिनाथ बाहेरच होते. तिला उतरताना पाहून उभे राहिले. मी गाडीतच बसले, काच वर करून. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली. आधी ती बोलली. मग ते बोलले, बराच वेळ, मान खाली घालून, आणि मला हातांवरून कळलं की धुराचं सांगतायत. त्यांनी वाकडा हात चेहऱ्यासमोर नेला होता. ती उठली. वाटलं, चालली. काट्यापर्यंत गेली, तिथे पाठमोरी उभी राहिली. दोन ट्रक आले, गेले. मग परत येऊन बसली. यावेळी मधे तेवढं अंतर नव्हतं.

अर्ध्या तासानं गाडीत आली. मी सुरू केली. तलासरीचा फाटा मागे पडल्यावर ती म्हणाली, “हात कसा वाकडा बसवलाय बघितला? थंडीत दुखतो म्हणतो. तेल लावायला पण कोण नाय.”

एवढंच. रडली वगैरे नाही.

मधे जयंतीभाईंकडून कळलं, काशिनाथ आता महिन्या-दोन महिन्यांनी वरोरला येतात. घरी जेवतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. किनाऱ्यावर जात नाहीत. गावात काही लोक अजून ताडीचंच बोलतात. बोलू देत.

प्रकल्प मी दुसऱ्या हेडवर पूर्ण केला, रिपोर्ट दिला. सागरला सगळी हकीकत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, कॉम्प्युटरच्या मेमरीची चूक असेल, वरच्या खोलीत गरम होतं ना. असेल. पण मेमरीच्या चुकीनं आकडे वेडेवाकडे येतात, रन कोसळतो. हँडलवर थकलेल्या माणसाचा हात नेमका कुठे कमी पडला, हे मेमरीच्या चुकीला कसं कळणार? तेही तीनदा, त्याच जागी? आणि पुण्यात का नाही? मला खरंच माहीत नाही. वसंतनं केलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसरं काही म्हणायला सुचतही नाही.

ते तीन रिझल्ट माझ्याकडे आहेत, ती इनपुट फाइलही आहे. पुन्हा चालवून बघ, असं बाबा म्हणतात. मी चालवलेली नाही. उलटा आला तर काय करायचं कळत नाही, आणि सरळ आला तर त्याहून कळणार नाही.